पिंपळाखालचं न संपणारं ताट

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. बरं, हसा. पण मला हसा, त्या पिंपळाला हसू नका. त्या दिवशी पिंपळाची काहीच चूक नव्हती.

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य तिरोडीच्या खाणीत गाड्या दुरुस्त करण्यात गेलं. नोकरी संपल्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? ह्यांनी एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर आणला आणि बालाघाटच्या आमच्या अंगणात आठ महिने ठोकाठोकी करून त्याचं घर केलं. मागे दोघांपुरता पलंग, खिडकीशी शेगडी, वर पाण्याची टाकी आणि दाराजवळ माझं वीतभर देवघर. गाडी वळली की बाळकृष्ण कलंडू नये म्हणून त्याला मागून रबर लावलेलं! देवा, क्षमा कर.

गाडी त्यांची, पण यादी माझी होती. मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत कळ आली, दोन स्टेंट टाकावे लागले. दवाखान्यात त्या बंद दाराबाहेर बसून मी नवस बोलत गेले. एक देव झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. दार उघडलं तेव्हा एकोणीस झाले होते. हे घरी आले, हिंडूफिरू लागले, पण माझ्या पोटातला गोळा काही गेला नाही. वाटायचं, एकेका देवाला दिलेला शब्द पाळायचा राहिलाय, तोवर काही खरं नाही.

म्हणून वहीत आखणी केली. एकोणीस देवळं, एकवीस दिवस.

निघालो. आणि बैहरच्या पुढे, घरापासून पुरते ऐंशी किलोमीटरही झाले नसतील, तर ह्यांनी गाडी वळवली. जंगलाच्या काठाला मोकळी जागा होती. अशा घरगाड्या घेऊन हिंडणारे लोक तिथे मुक्काम करतात. नळ, न्हाणीघर, मधोमध पार बांधलेला जुना पिंपळ, पलीकडे नुकता फुललेला पळस.

ह्यांनी दोन घडीच्या खुर्च्या काढून मांडल्या.

"दोन काहून?" मी विचारलं.

"एक तुझी."

"मले बसाले वेळ आहे का?"

"अवं, चार दिवस राहू इथंच. पाह्य तरी, कसं निवांत आहे."

"चार दिवस! आपल्या जिल्ह्याच्या बाहेर नाही पडलो अजून! लोक काय म्हणतीन? उद्या सोमवती आहे. पिंपळ आहे म्हणून ठीक. एकशेआठ फेऱ्या झाल्या, ताट रिकामं झालं, की गाडी सुरू करा."

ह्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची धूळ तेवढी झटकली.

सोमवती अमावास्या तुम्हाला ठाऊकच असेल. नवऱ्याच्या आयुष्यासाठी पिंपळाला एकशेआठ प्रदक्षिणा, उपास आणि फेऱ्या पुऱ्या होईस्तोवर मौन. मोजणी चुकू नये म्हणून एकशेआठ वस्तू घ्यायच्या, दर फेरीला एक वाहायची. कोणी पेढे घेतं, कोणी केळी. गाडीत टिकतील म्हणून मी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या. प्रत्येक शेंगेला ओल्या कुंकवाचं बोट लावलं, ताट पाराजवळ स्टुलावर ठेवलं, खाली मुळाशी पत्रावळ मांडली. ताटातली शेंग उचलायची, फेरी घालायची, पत्रावळीवर वाहायची. झाडावर खारी फार होत्या, म्हणून ह्यांना शेजारी खुर्चीवर राखणीला बसवलं आणि मौन धरलं.

सात वाजता सुरुवात केली. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत नाम, पायांत घाई. नवाला निघायचं होतं ना!

दर फेरीला हे म्हणायचे, "बस नं वं जराशी." मी हातानंच 'चूप' म्हणायची.

नऊ वाजले. ताटाकडे पाहिलं, तर अजून अर्धं भरलेलं. आपलाच अंदाज चुकला म्हटलं. दहा वाजले. ताट तेवढंच! पत्रावळीवर पाहते, तर शेंगा नवाला होत्या तेवढ्याच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? वाहिलेलं देव स्वीकारतोय आणि ताट पुन्हा भरतोय! ह्यांना आयुष्य मोजून नाही, भरभरून देतोय! डोळ्यांना धारा लागल्या. बोलता तर येत नव्हतं. मग पाय आणखी जोरात चालू लागले.

शेजारच्या गाडीत जबलपूरच्या सुधाबहन होत्या. त्या धावत आल्या. "दीदी, क्या हुआ? रो क्यों रही हो?"

मी ताटाकडे बोट दाखवलं, पत्रावळीकडे दाखवलं, आभाळाकडे दाखवलं. चार फेऱ्यांनी त्यांना उमगलं.

"हाय राम! थाली खाली ही नहीं हो रही!"

झालं! चप्पल काढून त्याही माझ्या मागे. मग पाणी भरायला आलेल्या दोघी. मग तिथली झाडलोट करणारी बाई खराटा बाजूला ठेवून आली. अकरा वाजेस्तोवर पाराभोवती आमची रांग फिरत होती आणि पुढे मी! ह्यांच्याकडे एकदा नजर गेली. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, भक्तीनं भारावलेत बिचारे.

बारा वाजून गेल्यावर ह्यांनी कॅम्पवरची खिचडी खाल्ली आणि परत राखणीला बसले. त्यानंतर मात्र ताट भराभरा उतरू लागलं. एकच्या सुमाराला शेवटची शेंग वाहिली. सगळ्यांनी हात जोडले. मौन सुटल्यावर तोंडातून पहिला शब्द देवाचा निघावा, एवढं मला आजीनं शिकवलं होतं. माझा पहिला शब्द काय होता, माहीत आहे?

"हॅलो!"

किरनापूरला माझ्या थोरल्या जाऊबाईंना फोन लावला होता. "बाई, चमत्कार झाला!" म्हणत सगळं सांगितलं. शेंग, ताट, अश्रू, सगळं. बाईंना सांगणं म्हणजे देवळाच्या भोंग्यावर सांगणं. संध्याकाळच्या आत बालाघाटच्या आमच्या भजनी मंडळालाही कळलं.

फोन ठेवून वळले, तर हे खुर्चीत डोळे चोळत होते. चांगली डुलकी लागली होती. मला पाहून धडपडत उठले आणि थर्मासमधला चहा ओतून पुढे केला.

मी कप घ्यायला हात पुढे केला आणि थबकले. ह्यांची तीन बोटं लालभडक. ओल्या कुंकवानं.

"हे काय?"

"कायचं काय?"

"तुम्ही शेंगांले हात लावला?"

ह्यांनी कप स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, "तू झाडामागं गेली की पत्रावळीवरची एक उचलून ताटात टाकत होतो. मले वाटलं, दमून बसशील. तू तं बसतच नाही वं! मंग त्या बाया लागल्या तुह्या मागं. आता सांगू कसं? साऱ्या झाडाआड गेल्या की टाकतच राहिलो. अन् नंतर डोळाच लागला."

मी रिकामं ताट उचलून त्यांच्यापुढे धरलं. "व्रतात असा खेळ? तुमच्यासाठीच चालू होतं नं सारं? तुमच्या आयुष्यासाठी!"

"हौ. मालूम आहे." आवाज एकदम खाली आला. "दवाखान्यात त्या पलंगावर पडून मी काय मागितलं, तुले कधी सांगितलं नाही. म्हटलं, वाचलो तं हिच्याजवळ निवांत बसून चहा पीन. वर्ष झालं. तू एकदा नाही बसली."

मी तोंड फिरवून गाडीकडे निघाले.

पण पोटऱ्या अशा भरून आलेल्या की गाडीची पायरी चढता येईना. मुकाट्यानं दुसऱ्या खुर्चीत टेकले. चहा पार निवला होता. तरी प्याले.

मग राहिलोच. एक दिवस पायांसाठी, दुसरा सुधाबहननं आग्रह केला म्हणून. तिसऱ्या दिवशी कारण शोधायचंच विसरले. पिंपळ ते गाडी दोरी बांधून धुणं वाळत घातलं. सकाळी चहा उकळताना त्याच्याकडे नुसतं पाहत बसायचं. दुपारी झाडाची सावली सरकली की आमच्या खुर्च्याही सरकायच्या, एवढंच काम. हे चुकीच्या सुरात गुणगुणतात, हे मला लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर तिथे कळलं. पोटातला गोळा गेला असं नाही म्हणणार, पण त्याच्याशेजारी थोडी जागा झाली. वही गादीखाली होती. देव रागावले असतील का, असं बाळकृष्णाला रोज विचारत होते. रबर मात्र काढलं होतं.

पाचव्या दिवशी एक जीप आली. आतून थोरल्या जाऊबाई आणि त्यांच्यामागे आमच्या भजनी मंडळाच्या अकरा जणी! प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात शेंगा. ऐंशी किलोमीटरवर चमत्कार झाल्यावर कोण घरी बसतं?

बाई थेट ह्यांच्यापुढे. "भाऊजी, तुमी त्याच खुर्चीवर बसा. सोमवतीले बसले होते तसेच!"

हे माझ्याकडे पाहू लागले. बोटं त्यांनी पाठीमागे लपवली. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण देवाच्या दारात खोटं कसं चालू द्यायचं? सगळ्यांना पारावर बसवलं आणि मान खाली घालून सारं कबूल केलं. शेंगा कोणी उचलल्या, काहून उचलल्या, आणि पाय भरून आल्याच्या निमित्तानं आम्ही पाच दिवसांपासून इथेच कसे बसलोय.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं, दोरीवरच्या धुण्याकडे पाहिलं.

"सुमन, तू इथं बसली होती? पाच दिवस?"

"हौ, बाई."

"एकाच जागी?"

"हौ."

बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि ताट उचललं. "चला वं बायांनो, करा सुरू. शेंगांचं जाऊ द्या. जो पिंपळ ह्या बाईले पाच दिवस एका जागी बसवते, तो जागृत नाही तं काय!"