कानाचं मशीन आणि एसटी स्टँड

इकडे सरक गं, अन् अशी ओरडू नको; कानात मशीन आहे ना आता. पूर्वी तुम्ही हसलात की मीही उगाच हसायचे. पाचोऱ्याच्या दुकानदारानं मशीन बसवलं, तर पंख्याची घरघरसुद्धा ऐकू आली. मी लगेच पैशाची पिशवी उघडली.

"थांबा अक्का, दुकानात बठ्ठंच, सगळंच ऐकू येतं. आधी स्टँडवर चला."

शटर ओढून त्यानं मला गाड्यांच्या गोंगाटात उभं केलं. नुसती कलकल. मग कानाशी येऊन म्हणाला, "गर्दीत हे असंच राहील. समोर बसून बोललेलं तेवढं कळेल. चालत असेल तरच घ्या."

त्या बोलण्यावरच घेतलं मी. आज तुझ्या हळदीच्या गडबडीत तुझं निम्मं बोलणं हुकलं बघ. सासरहून लवकर ये परत, एकटी ये, अन् समोर बस.