इळसू

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशीही आमच्या डोक्यावरच्या भाजीच्या पाट्या त्यानंच उतरवल्या. सोलापूरच्या मंडईतला तो हमाल मैंदर्गीकडचा. कुणाच्याही डोक्यावर ओझं दिसलं की "इळसू, इळसू!" ओरडत धावायचा. कुणी एकट्यानंच पाटी उतरवली तर शिव्या घालायचा.

बायकोनं एकदा त्या शब्दाचं विचारलं. म्हणाला, "अक्का, आमच्या कन्नडात 'इळी' म्हंजे खाली उतर. त्याचंच 'इळसू' झालं, म्हंजे दुसऱ्याचं उतरव. त्याला दुसरा मानूस लागतो की!"

तेरावं झाल्यावर मंडईतली जागा सोडायची म्हणून गेलो. बघतो तर हा आमच्या जागेवर पोतं टाकून बसलेला. "अक्काची जागा हाय, फुडं जा," म्हणून एकीला हाकलत होता.

मी म्हणालो, "ती मेली. मी जागा सोडतोय."

"सोडा की दाजी. पन आदी रडून घ्या. अजून रडला न्हाय तुमी, तोंडावर दिसतंय."

भर मंडईत कांद्याच्या पोत्यांआड बसून मी लई रडलो. तो शेजारी तंबाखू मळत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथी घेऊन त्याच जागेवर बसलो. गिऱ्हाईक यायच्या आत पहिली जुडी मी त्याच्या अंगातल्या बंडीत कोंबली.