वर काय व्हतं?

“दम खा रे, दम खा. डोंगर कुठं पळून चाललाय?”

असं म्हणायचं आणि वाटेतल्या दगडावर बूड टेकायचं, ही आमच्या सरांची खूण. तुमच्याही शाळेत असा एखादा मास्तर असणारच, ज्याच्या नावापेक्षा त्याचं वाक्य जास्त लोकांना ठाऊक असतं. पोरं माघारी त्यांना ‘दमसर’ म्हणायची. बाकीचे मास्तर दम द्यायचे, हे एकटे दम खायचे. दम देणाऱ्यांत माझा नंबर पहिला. मी पीटीचा मास्तर, गळ्यात कायम शिट्टी.

शाळा आंबेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. पुढे कालवा आणि ऊस, मागे डोंगर. मी नव्वदच्या दशकात तिथं लागलो तेव्हा ते भूगोल शिकवत होते. दिवाळीची सुट्टी संपून ऊसतोड सुरू झाली आणि पहाटे अंगणात शेकोट्या दिसू लागल्या की त्यांचं शनिवारचं डोंगर चढणं सुरू व्हायचं. सकाळची शाळा सुटली की आठवीची पोरं, ते आणि शिस्तीला म्हणून मी. हेडमास्तरांनी मला त्यांच्या गळ्यात बांधलं की त्यांना माझ्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्गात ते छापील मराठी बोलत. डोंगराला लागले की जिभेवर पिंपळवंडी यायची, त्यांचं गाव. वाटेत त्यांचे तीन ठिय्ये ठरलेले होते. पोरांनी त्यांना नावंही दिली होती, पहिला दम, दुसरा दम, तिसरा दम. तिथं बसायचं, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. पाखराचं नाव कुणी विचारलं की म्हणायचे, “नाव मला बी ठावं न्हाई. ते काय करतंय ते सांग.” मला या प्रकाराचा भारी कंटाळा यायचा. एका दमात चढून जायचा डोंगर, त्याला हा माणूस दुपार लावत होता.

तिसऱ्या दमाला ते कायमचे बसत. “जा आता पीटीसरांबरूबर. मी हाय हितं.” आम्ही वर जायचो, माथ्यावर खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी फिरायचो आणि उतरून यायचो, तर ते दगडावर मफलर गुंडाळून बसलेलेच असायचे. पोरं दिसली की एकच प्रश्न.

“वर काय व्हतं?”

मग काय विचारता! टाक्याच्या पाण्यात बेडूक व्हता. घारीनं उंदीर उचलला. धरणाव धुकं व्हतं आन् त्यात निस्ती एक टेकडी वर आलेली. एकाचं संपायच्या आत दुसरा. सर मान हलवत ऐकायचे आणि मधेच अडवायचे, “बेडूक कंच्या अंगाला व्हता? उन्हाला का सावलीला?” पोरानं ते पाहिलेलंच नसायचं. पुढच्या शनिवारी तेच पोरगं टाक्यावर पालथं पडून बेडूक कुठं बसतो ते बघत असायचं. आपण खाली गेल्यावर सर विचारणार, या एका धाकानं पोरं माथ्यावर डोळे फाडून बघायची. माझ्या शिट्टीनं त्यांना कधी इतका धाक घातला नाही.

खरी गोष्ट मला दुसऱ्या हिवाळ्यात कळली. दुसऱ्या दमाला सर उठून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरून समोरच्या कड्याकडे बघत. सर काहीतरी बघताहेत म्हटल्यावर सगळी पोरं त्याच दिशेला टक लावून बसली. थोड्या वेळानं एक पोरगी कुजबुजली, “घुबाड!” खरंच, कड्याच्या कपारीत घुबड बसलं होतं. सर दचकून वळले. “कुठं? मला दाखीव.” त्यांच्या मुठीत दम्याचा पंप होता.

म्हणजे ते कडा बघत नव्हते, पंप ओढत होते. लहानपण गुऱ्हाळाच्या धुरात गेलेलं, छाती तेव्हापासूनची. थंडी पडली की जास्तच. उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरान्ला सांगू नका राव. ती घाबरत्यात, मग हळूहळू चालत्यात.” पुढे तालुक्याच्या एका साहेबांनी या बसून बघण्याचं फार कौतुक केलं. पद्धत कशी सुचली, असं विचारलं. सर हात जोडून म्हणाले, “पद्धत कसली साहेब, दम लागतो म्हनून बसतो.” साहेबांना तो विनय वाटला.

घुबड दिसलं त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट उमगली. हा माणूस माथ्यावर कधी गेलाच नव्हता. ज्या डोंगरावर मी यायच्या आधीपासून पोरांच्या दहा तुकड्या नेल्या, त्याचं वरचं टाकं, देवाचा शेंदूर लावलेला दगड, झेंडा, सगळं त्यांना पोरांच्या तोंडून माहीत.

दोन हजारनंतर उसात बिबटे फार झाले. आईबाप म्हणाले, पोरं डोंगरात धाडायची नाहीत. सर घरोघर गेले. मीही गेलो, नाइलाजानं. एका ओट्यावर एक आजोबा तावातावानं म्हणाले, “मास्तर, बिबट्यानं पोर उचललं तं तुमी भरून देनार का?”

“आजोबा, बिबट्या तुमच्या उसात हाय. डोंगराव काय खाईल त्यो, दगडं? शनवारी पोरं तेवढा येळ तरी उसापासनं लांब राहत्याल.”

आजोबांना हसू आलं आणि पोरं आली, निम्मी तरी. सर मात्र त्या फिरण्यानं आठ दिवस अंथरुणाला खिळले.

त्यांच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा हिवाळा. सरांच्या घरी वहिनी एकदा मला चहा देताना हळूच म्हणाल्या, “भाऊ, यांना एकदा वर घिऊन जावा. बोलत न्हाईत, पर लई मनात हाय त्यांच्या. झोपंत बी टाक्याचं बोलत्यात.” एका रविवारी पोरांना न सांगता आम्ही दोघंच निघालो. मी पाण्याची कॅन घेतली, पंप दोनदा तपासला. पहिला दम, दुसरा दम, तिसरा दम. तिसऱ्याच्या पुढे त्यांनी पहिल्यांदा पाऊल टाकलं. चार पावलं चालायचं आणि थांबायचं. त्यांच्या छातीची शिट्टी मला माझ्या शिट्टीपेक्षा मोठी ऐकू येत होती.

शेवटचा खडक तेवढा राहिला. वरचा झेंडा फडफडताना दिसत होता. ते बसले.

“हात द्या सर. आलंच आता.”

ते झेंड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “राहू द्या राव.”

“अहो, काय राहू द्या? दोन मिनिटांचं काम आहे!”

“वर गेलो तं पोरान्ला इचारू काय?”

मला राग आला. खरंच आला. इतकं जपून आणलं आणि हा माणूस दारातून माघारी फिरतो म्हणजे काय? दम संपला होता म्हणून ते तसं म्हणाले की मनापासून म्हणाले, हे मला आजही सांगता येत नाही. उतरताना त्यांनी मला विचारलं, “तुमी तर ढीगभर येळा गेलाय. तुमी सांगा, वर काय हाय?”

“टाकं आहे. देव आहे. झेंडा.”

“बास?”

“बास.”

“पोरं लई सांगत्यात राव,” असं म्हणून ते हसले आणि त्या हसण्यानं त्यांना खोकल्याची उबळ आली.

निवृत्त होऊन ते पिंपळवंडीला गेले. दोनच हिवाळे काढले. छातीनंच नेलं शेवटी.

ती बातमी आली त्याच आठवड्यातला शनिवार. मी पोरांना वर नेलं, रितीप्रमाणे. ती सरांबरोबर कधी चढलेली नव्हती, पण थोरल्या भावंडांकडून ऐकून तीन दम त्यांना पाठ होते. उतरताना तिसऱ्या दमाशी मला पुढे जाववेना. मी दगडावर बसलो, घसा साफ केला आणि विचारलं, “वर काय होतं?”

एक पोरगी म्हणाली, “तुमी तर वरच व्हता की सर.”

त्या दिवशी घरी येऊन मी रडलो. बायकोला सांगितलं, सर्दी झालीय.

त्याच्या पुढच्या वर्षापासून पोरांबरोबर वर एका नव्या मास्तराला धाडतो. माझे गुडघे धड आहेत, छाती धड आहे. तरी मी तिसऱ्या दमाला बसतो. बसल्यावर कळलं की हिवाळ्यात त्या दगडावर ऊन येतच नाही. कड्याची सावली असते, दगड गार, खालून अंगात थंडी चढते. थोडं पलीकडे सरकलं की छान ऊन आहे. पण तिथून पोरं उतरतात ती वाट दिसत नाही.

मी सरकत नाही. आताशा फार थकल्यासारखं वाटतं, नोकरीचीही थोडीच वर्षं उरलीत. मफलर घट्ट करून बसून राहतो. मग वरून मुरूम घसरल्याचा आवाज येतो, पोरांचा गलका येतो, पहिलं पोरगं वळणावर दिसतं आणि माझ्या तोंडून पिंपळवंडीची बोली निघते.

“वर काय व्हतं रे?”