वहिनीचं अंगण

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की तळाची सपाट जमीन उघडी पडते आणि तिच्यावरून आम्ही सायकली हाकतो. वाट आखून देतात शिवामामा. त्यांचं गाव याच पाण्यात गेलं. ही पांढऱ्या फक्कीची वाट मोकळ्या मैदानात एके ठिकाणी उगीचच मोठं वळण घेते. तिथे दगड नाही, झाड नाही.

"मामा, इथून सरळ का नाही काढली?" मी विचारलं.

"ताई, हे आमच्या थोरल्या वहिनीचं अंगण. कुणाच्या अंगणातनं सायकल घालत्यात व्हय?"

मला दिसला फक्त ओलसर गाळ. घर जातं, भिंती विरघळतात, वहिनीही केव्हाच गेलेली असते. मग हा संकोच राहतो तरी कुठे? बहुधा माणसाच्या पायांत.

परत येताना मी दमले होते. एवढ्याशा अंतराने काय होतंय, म्हणून वळण टाळून सरळ आले. काठावर पोचून मागे पाहिलं, तर मामा उकिडवे बसून माझ्या चाकाची रेघ हाताने पुसत होते. अंगण सारवावं तशी, हलक्या हाताने.