फुंकऱ्याचं मशीन

समोरच्या सलूनवाल्याला सगळी गल्ली फुंकऱ्या म्हणते. केस कापून झाले की तो ब्रश घेत नाही, गिऱ्हाइकाच्या मानेवर हलकेच फुंकर घालतो, म्हणून. बावीस वर्षं त्याची खुर्ची आणि माझं विजेच्या सामानाचं दुकान समोरासमोर आहे. दुपारचा चहा एकत्र, गल्लीभरच्या कुचाळक्या एकत्र. हात इतका हलका की रडकी पोरंसुद्धा त्याच्या खुर्चीत पेंगायची. तोंड मात्र महाखवट. "तुझ्या डोक्यावर आहेत कुठे केस? मला कात्री नको, भिंग लागतं," हे मला तो दर महिन्याला ऐकवायचा.

त्याच्या भाच्याने परदेशातल्या एका सलूनच्या मालकाशी बोलणं केलं. एक दिवस काम करून दाखवायचं, पसंत पडलं तर नोकरी पक्की, मग बायकोलाही बोलावून घेता येईल. पन्नाशीचा माणूस, पण नुसता हुरळून गेला. कात्र्यांना धार लावून आणली, नवे बूट घेतले, ते घालून सलूनभर चालून दाखवले.

जायच्या आदल्या दिवशी नवरा-बायको माझ्या दुकानात आले. परदेशी जाणाऱ्यांना पिनांचं सामान निवडून द्यावं ते मीच, असा माझा माज आहे. येईल त्याला मी एकच पाठ देतो. अडॅप्टर नुसता पिनेचा आकार बदलतो. विजेचा दाब बदलायचा तर कन्व्हर्टर लागतो, ती जड पेटी. आपल्याकडे दोनशे तीस व्होल्ट, काही देशांत, फुंकऱ्या चालला होता तिथेही, एकशे दहा. काही वस्तू दोन्हीवर चालतात, काही नाही, तेव्हा आधी वस्तू उलटी करा आणि मागची पट्टी वाचा. रोज कुणाला ना कुणाला सांगतो हो हे. नेमकं त्या दिवशी सांगितलं नाही.

मशीन उलटं केलं ते वहिनींनी. केस कापायचं, वायरवर चालणारं त्याचं जुनं मशीन. म्हणाल्या, "भाऊजी, फोनच्या चार्जरवर शंभर ते दोनशे चाळीस लिहिलंय. याच्यावर नुसतं दोनशे तीसच आहे. मग ती पेटी लागेल ना?"

दुकानात गर्दी होती, मित्रापुढे शान मारायची होती, आणि वहिनींनी मला शिकवायचं? "अहो वहिनी, केस कापायचं मशीन आहे ते, पिठाची गिरणी नव्हे! एवढ्याशा यंत्राला कसली पेटी? उगाच सामानात ओझं." पट्टीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. फुंकऱ्या खो खो हसला. वहिनींनी मशीन गुपचूप पिशवीत ठेवलं.

बाराव्या दिवशी तो परत आला. चहा पिता पिता त्याने सांगितलं. पोचला त्याच्या दुसऱ्या सकाळी थेट सलूनमध्ये, मालक शेजारी उभा. मशीन लावलं तर ते घरघरायला लागलं, पातं केस कापेना, नुसतं ओढायला लागलं. गिऱ्हाईक ओरडलं. मालकाने सलूनमधलं दुसरं मशीन दिलं, पण तोवर याची पाचावर धारण बसली होती. हात लटपटला आणि कानामागे खाच पडली. मालकाने दार दाखवलं.

'घरघरायला लागलं' म्हणाला तेव्हाच मला कळलं, दाब कमी पडला. तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही रे. घरी आल्या आल्या लावून बघितलं, मस्त पळतंय. माझाच हात गेला."

पळणारच ना! घरी दोनशे तीस मिळतायत त्याला. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी. चहा गार होतोय."

त्याने खुर्ची धाकट्या भावाला दिली. स्वतः टॉवेल धुवायचा, फवाऱ्याच्या बाटलीत पाणी भरायचा, दारात बसायचा. जुनी गिऱ्हाइकं गळ घालायची, तर हात पुढे करून दाखवायचा. "आता नाही जमत." मी काउंटरवरून बघायचो आणि उद्या सांगू म्हणायचो. उद्या गल्लीत पाहुणे असायचे, परवा माझं डोकं दुखायचं. लाज वाटते सांगायला, असे चार महिने गेले.

मग एकदा वहिनी बल्ब घ्यायला आल्या. "भाऊजी, खरं सांगा, ती पेटी नेली असती तर काही फरक पडला असता का?" टोमणा नव्हता तो. मला कळतं असं त्यांना अजून वाटत होतं.

"छे हो," मी म्हणालो.

"हे कप दोन्ही हातांनी धरतात आता," एवढं बोलून त्या पायऱ्या उतरल्या. रोज चहाला माझ्यासमोर तो तसाच कप धरत होता.

दुसऱ्या सकाळी मी दुकान उघडलंच नाही. दाब चढवणारी-उतरवणारी पेटी उचलली आणि सलूनमध्ये गेलो. भाऊ यायचा होता, वहिनी आरसे पुसत होत्या. पेटीचा खटका एकशे दहावर केला, मशीन लावलं, चालू करून त्याच्या हातात दिलं. ते घरघरलं.

तो ताडकन उठला. "हाच! हाच आवाज होता!"

"तिकडे दाबच निम्मा असतो. पेटी हवी होती. वहिनी बरोबर होत्या, मी पट्टी वाचली नाही. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही." एका दमात बोलून टाकलं.

त्याने मशीन भिंतीतल्या प्लगला लावलं, मनगटावरच्या केसांवरून फिरवलं. परत पेटीला लावलं. परत भिंतीत. त्याचे डोळे भरून आले, तोंडभर हसू. "ऐकलंस का गं? हात चांगलाय माझा!" मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

वहिनींचं फडकं आरशावरच थांबलं होतं. "तू आलास त्याच दिवशी. चहा पिताना," मी सांगितलं.

तो मशीनची वायर सावकाश गुंडाळत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक काय रे, माझ्या हातूनही झाल्यात," तो म्हणाला. "पण चार महिने मी त्या दारात टॉवेल पिळत बसलो होतो. आणि तू समोरून बघत होतास."