मुक्या ताटांचा संसार

पडदा वर जातो. हळूहळू प्रकाश. स्वयंपाकघर. डावीकडे शेगडी, उजवीकडे खिडकी, मधोमध दोघांपुरतं टेबल. टेबलावर चार ताटं पालथी पडलेली आहेत आणि एक बारका, पाठीत वाकलेला माणूस कात्रीनं हिरव्या लोकरी कापडाचे गोल तुकडे कापून त्यांच्या बुडाला चिकटवतो आहे. गोंदाचं बोट तो मधूनच विजारीला पुसतो. विंगेतून, म्हणजे न्हाणीघरातून, बायकोचा आवाज येतो, "अहो, माझ्या हिरव्या कोटाची दुसरी बाही कुठाय?"

माणूस दचकत नाही. उरलेली बाही पायानं टेबलाखाली सरकवतो आणि पुढचं ताट घेतो.

हे आमचे चूपदादा. नाटक कंपनीत सामानाची जबाबदारी त्यांची. पत्र, पिस्तूल, पाळणा, प्रेतावरची चादर, रंगमंचावर हाताला लागणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या पेटाऱ्यातून यायची आणि पेटाऱ्यातच परत जायची. आईबापांनी त्यांचं नाव बरं ठेवलं असणार, पण ते कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं. पगार वाटणाऱ्यालासुद्धा नाही.

त्यांना चूप केलं ते एका गाजरानं.

आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात नवरा-बायको जेवायला बसतात. बायको मी, नवरा आमचे कंपनीचे मालक. मी त्यांना सोडून जाणार आहे हे सांगायचं आणि मग दोघांनी एक शब्द न बोलता ताटातलं संपवायचं. ह्या जागेला लोक रडणार, असं लेखकानं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिला प्रयोग. मी म्हटलं, "मी उद्या जाते आहे." सभागृहानं श्वास रोखला. आणि मालकांनी गाजर चावलं.

कडाम!

शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे तिला, तू गाजर संपव!" झालं. उरलेला अंक आम्ही हशाच्या पुरात गटांगळ्या खात काढला.

आत आल्या आल्या मालकांनी दादांना गाठलं. "माझ्या संसाराची राखरांगोळी होतेय आणि तू मला गाजर देतोस?" मालकांचे दात विकतचे होते, त्यामुळे राखरांगोळीतला बराचसा भाग वारा होऊन बाहेर पडला. पण दादांच्या काळजाला जे लागायचं ते लागलं.

तेव्हापासून दादा जेवण जिभेनं नाही, कानानं पारखायला लागले. प्रयोगाआधी मला रंगमंचावर बसवायचे, हातात काहीतरी खायला द्यायचे आणि स्वतः जाऊन शेवटच्या रांगेत बसायचे. मी चावायचं. तिकडून निकाल यायचा, "पोचलं. रद्द." गाजर रद्द, काकडी रद्द, सफरचंद रद्द, टोस्ट तर जन्मठेपेवर. उरलं काय? उकडलेला बटाटा, मऊ भात, घोटलेला भोपळा, कडा काढलेला पाव, केळं. मग ताटांचा खणखणाट बंद करायला खाली कापड आलं, चमचे लाकडाचे आले. मालकांच्या कवळीलाही थोडं कापड लावू का, असं त्यांनी एकदा अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं. मालक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. दादांना ते आवडलं असावं.

आता हे जेवण शिजायचं कुठं? दादांच्या घरी. वहिनी एकच पातेलं चढवायच्या. त्यातलं दोघांचं डब्यातून रंगमंचावर जायचं आणि दोघांचं घरच्या टेबलावर. नाटक चाललं. इतकं चाललं की त्या नवऱ्याला सोडून जाते जाते म्हणता म्हणता माझ्या खऱ्या मुलाला मिसरूड फुटलं. आणि तेवढी सगळी वर्षं दादांच्या घरी रोज तिसरा अंक जेवला गेला.

वहिनींविषयी सांगायलाच हवं. ही बाई छापखान्यात पुस्तकबांधणीला. आजूबाजूला यंत्रांचा धडधडाट, त्यामुळे साधं "मीठ द्या" म्हणायचं तरी वहिनी ते यंत्राच्या वरच्या पट्टीत म्हणायच्या. मी आयुष्यभर आवाज कमावला, पण वहिनींनी जिन्यातून "आले हं!" म्हटलं की मला आपली लाज वाटायची. अशा बाईसमोर रोज भोपळा. तोही बुडाला कापड लावलेल्या ताटात, लाकडी चमच्यानं. समोर डोळे मिटून, तिच्या घासाकडे कान लावून बसलेला नवरा.

"अगं, बी चावलीस का?"

"चुकून आली तोंडात."

"ऐकू आलं."

एवढंच काय ते त्यांचं जेवतानाचं संभाषण. बाकी माणूस म्हणून दादा लाखातले. कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणायच्या.

मग वहिनींचा वाढदिवस आला. वहिनींनी हट्ट धरला की बाहेर जेवायचं, आणि मलाही सोबत ओढलं. हॉटेल चांगलं होतं, टेबलांना काच होती. इथंच घोळ झाला. काचेवर ताट! वेटरनं ताटं मांडली मात्र, दादांनी खिशातून नव्या हिरव्या चकत्या काढल्या, एकेक ताट तिरकं करून खाली सरकवायला लागले. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ सूप पीत होते, त्यांच्या बशीखालीही त्यांनी एक सरकवली. "राहू द्या," म्हणाले, "आमच्याकडे जास्त आहेत."

वहिनी त्या चकत्यांकडे बघत राहिल्या.

"हा माझा कोट आहे."

"होता," दादा म्हणाले.

वहिनी उभ्या राहिल्या आणि यंत्राच्या वरच्या पट्टीत बोलल्या, "ह्या टेबलाशीच काय, तुमच्या कुठल्याही टेबलाशी मी आता बसायची नाही! वाढीन. रोज वाढीन. पण बसायची नाही!"

त्यानंतर हॉटेलात जी शांतता पसरली, तशी आमच्या तिसऱ्या अंकाला कधी मिळाली नव्हती. दादांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण क्षणभर त्यांचा चेहरा कौतुकानं उजळला. मग शब्दांचा अर्थ डोक्यात शिरला.

वहिनी बोलल्या तशा वागल्या. ताट वाढायच्या, समोर ठेवायच्या आणि स्वतः न जेवता जिन्यात जाऊन बसायच्या. दादांना वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. राग दोन दिवसांचा नव्हता. वजनही घटेना बाईचं, उलट गालांवर तकाकी आली. मग एका संध्याकाळी मी रंगपटात भुवया काढत बसले होते, तेव्हा दादा आले. मुठीतून काडेपेटी काढून त्यांनी माझ्यासमोर उघडली.

"बाई, हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. "पावाचा चुरा."

"पाव असा तुटत नाही. हा टोस्ट आहे. भाजलेला. तिच्या पदरावर सापडला."

"मग?"

"आमच्या घरात टोस्ट नाही, बाई." त्यांनी काडेपेटी मिटली. "ती बाहेर खाते."

हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं की दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर वहिनींची अब्रू गेली असती. मी विचारलं, "कुणाबरोबर?"

"तेच बघायचंय. तुम्ही चला. मला एकट्याला सहन व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही छापखान्यासमोरच्या खानावळीत कोपऱ्यात जाऊन बसलो. दादांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. उलटं. छापखान्याचा भोंगा झाला आणि बांधणीतल्या बायका आत घुसल्या, लांब बाकावर दाटीवाटीनं बसल्या. मधोमध वहिनी. मग ताटं आली. पत्र्याची! तळलेले बटाट्याचे काप, टोस्ट, कच्चा कांदा, भाजलेले शेंगदाणे. आणि सुरू झालं. काय सांगू, जणू सुतारांचा संप मिटला होता. कुरकुर, कडकड, चमच्यांचा खणखणाट, आणि वर वहिनींचं बोलणं. एकीनं डोळे मिटून, कान टवकारून, ओठ चिकटवून चावायची नक्कल केली. "दाजी जेवतायत!" वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी बाकावर थाप मारली आणि शेंगदाणे उडाले. एक आमच्या वर्तमानपत्रावर येऊन आपटला.

मला वाटलं, दादा आता उठून जातील. ते बराच वेळ बघत राहिले.

"हसते ती," ते म्हणाले.

"वहिनी? त्या तर सारख्याच हसतात."

"जेवताना, बाई. जेवताना हसते."

आम्ही निघालो, दादा पुढे. कोपऱ्यावर एकदम थांबले. "कळलं मला. आवाज हवाय तिला. एवढंच ना? आवाज काय, देऊ."

मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं. सामानाचा माणूस "देऊ" म्हणतो तेव्हा तो काय देईल ते आधी विचारून घ्यावं.

सुट्टीच्या दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. स्वयंपाक स्वतः केला होता. पाहुण्यासमोर वहिनींना जिन्यात जाता येईना. त्या टेबलाशी बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर, केव्हाही उठता येईल अशा. दादांनी आम्हा दोघींना वाढलं, "तुम्ही सुरू करा, मी आलोच," म्हणाले आणि कोठीच्या पडद्यामागे गेले.

ताटात घोटलेला बटाटा होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या ताटाकडे बघितलं. वहिनींनी सुस्कारा सोडून घास तोंडात टाकला आणि चावला.

कुर्रर्र!

आवाज पडद्यामागून आला. वहिनी थांबल्या. आवाजही थांबला. त्यांनी पुन्हा चावलं. कुर्रर्र! मी आयुष्यभर रंगमंचावर राहिलेली बाई. मला पहिल्याच आवाजाला कळलं, आणि मी रुमाल तोंडात कोंबला. पडद्याच्या फटीतून एक डोळा वहिनींच्या जबड्यावर रोखलेला होता. वहिनींनी मुद्दाम रिकामं तोंड हलवलं. कुर्र, कुर्र. भराभर हलवलं. कुर्रकुर्रकुर्र! मग पाण्याचा पेला तोंडाला लावला.

कडाम!

"अहो, पाणी पितेय मी!"

पडद्यामागून हळूच, "जागा चुकली. पुन्हा प्या."

वहिनींनी जाऊन पडदा ओढला. दादा उभे होते. काखेत गाजर, दोन्ही हातांत टोस्ट, पायाशी सोन्यासारख्या टोस्टचा हा ढीग, सगळा चुराडा. गळ्यात अडकवलेल्या परातीत काकडीचे तुकडे.

"एवढे टोस्ट! आणि मला बटाटा?"

"अगं, तोंडातून आलेला आवाज कच्चा असतो," दादा कळवळून म्हणाले. "विंगेतून दिला की भरीव वाटतो. तुला भरीव मिळावा म्हणून..."

"मला आवाज नकोय हो! मला टोस्ट हवाय! आणि समोर तो खाणारा माणूस हवाय, कान लावून बसलेला इन्स्पेक्टर नकोय! नाहीतर मी चालले जिन्यात, आणि ह्या खेपेला खालच्या पायरीवरही थांबायची नाही!"

ह्या वाक्यावर पडदा पाडावा असं कुणालाही वाटेल. दादांनी पाडला नाही. परात गळ्यातून काढली, टेबलाशी येऊन बसले. वहिनींनी एक धड उरलेला टोस्ट त्यांच्यापुढे धरला. दादांनी तो हातात घेऊन फिरवला, कानाजवळ नेला. वहिनींनी डोळे वटारले तसा तोंडात घातला.

कडाम!

ते जागच्या जागी थिजले. घास तसाच गालात, आणि डोळे माझ्याकडे. मी प्रेक्षक ना! आता हशा पिकणार, आता कुणीतरी मागून ओरडणार. पण मी हसले नाही. कुणीच ओरडलं नाही. वहिनी खुर्ची पुढे ओढून नीट बसल्या, ताट पालथं करून नखानं खालची हिरवी चकती खरवडायला लागल्या.

"ही काढते. आणि कोट नवा घ्यायचा."

"घेऊ," दादा भरल्या तोंडानं म्हणाले, आणि पुन्हा चावलं.

नाटकात मात्र भोपळा शेवटपर्यंत राहिला. तिथं त्यांनी कुणाचं ऐकलं नाही, आणि बरोबर केलं. घरी वहिनी आणि दादा टोस्ट खात, भांडत, ताटं वाजवत जगले. बांधणीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी तिथंच येऊन धिंगाणा घालायच्या. दाजींची नक्कल आता दाजी स्वतःच करून दाखवायचे.

दादा गेले त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. दात गेले होते, आणि मजा बघा, कानही गेले होते. सगळं नाट्यगृह मागे बसून ऐकणाऱ्या माणसाला शेजारच्या खुर्चीतलं ऐकू येत नव्हतं. टेबल तेच. वहिनींनी दादांपुढे दुधात भिजवलेला पाव ठेवला, स्वतः टोस्ट घेतला आणि खुर्ची त्यांच्या इतकी जवळ ओढली की गाल त्यांच्या कानाला लागायचा बाकी राहिला. मग टोस्ट चावला. दादांनी डोळे मिटले, कानामागे हात धरला, थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले,

"अगं, जोरात चाव ना. मी शेवटच्या रांगेत बसलोय."