न्यूरोचा दवाखाना समजून

अवसरी खुर्दच्या कॉलेजात मी ऑफिसात काम करतो. पोरांच्या फॉर्ममधली बारीकशी चूकही माझ्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच ती सकाळ आठवली की अजून अंगावर काटा येतो.

वडील गोठ्यातून दूध घेऊन आले आणि दारातच किटली हातातून निसटली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी बोलत होते, पण एकही शब्द कळत नव्हता.

"लकवा मारला रं!" आई ओरडली.

लकवा म्हणजे मेंदूचं दुखणं, त्याला न्यूरोचा डॉक्टर लागतो, एवढं मला ठाऊक होतं. आणि मंचरच्या रस्त्याला 'न्यूरो' लिहिलेली पाटी तर कायम दिसायची. शेजाऱ्याच्या गाडीत घालून वडिलांना थेट तिथं नेलं.

आत जमिनीवर गाद्या अंथरलेल्या. एक माणूस हात पुसत पुढं आला आणि वडिलांचं तोंड पाहून जागीच थबकला.

"यांना इथं कशाला आणलं, भाऊ?"

"न्यूरोचे डॉक्टर तुम्हीच ना?"

"मी डॉक्टर न्हाई! ही न्यूरोथेरपी हाय. पाठ, गुडघं दुखणाऱ्यांच्या नसा दाबतो आमी. यांचा सीटी स्कॅन करायला पायजे, आत्ताच्या आत्ता. कवापासून झालंय हे?"

बाहेर येऊन पाटी वाचली. 'थेरपी' हा शब्दही 'न्यूरो'एवढ्याच मोठ्या अक्षरांत होता.

तो माणूस सगळं तसंच उघडं टाकून आमच्या गाडीत बसला. वाटेत फोन लावत राहिला. एका हॉस्पिटलात मशीन बंद होतं. दुसरीकडं स्कॅनही होता आणि डॉक्टरही. तिथं पोचेपर्यंत वडिलांचा उजवा हात पार लुळा पडला होता.

"मेंदूत गुठळी आहे," स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती विरघळवायचं औषध देता येईल. आणखी उशीर झाला असता तर तेही देता आलं नसतं."

मी बाकावर बसलो. त्या माणसानंच पाणी आणून दिलं.

महिन्याभरात वडिलांची वाचा आली. हाताची पकड मात्र आली नाही. भेटायला येणाऱ्यांना ते सांगतात, "पोरगं शिकलेलं हाय, म्हणून वाचलो राव."

आधी कुठं नेलं होतं, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.